हॅम्पशायरमधलं जॉर्जियन घर: पुढे विटा, मागे लाकूड आणि बैठकीच्या भिंतीला ओल

बांदोड्याचे आजोबा (बांदोडा, फोंडा)

नमस्कार मंडळी. मी सरकारी बांधकाम खात्यात ३१ वर्षं नकाशे काढले. चिरा, कौल, काँक्रीट यांतलं मला कळतं. विलायती विटांच्या घरातलं कळत नाही, म्हणून विचारतो.

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एका खेड्यात जुनं घर घेऊन राहतात. यंदा मे ते जुलै आम्ही दोघं तिथे होतो. पहिल्या दिवशी सामान आत गेलं तरी मी रस्त्याच्या पलीकडेच उभा होतो. तांबड्या विटांची दर्शनी भिंत, मधोमध दार, दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या, वर पाच. दारावर अर्धगोल तावदान, त्यात पंख्याच्या काड्यांसारख्या नाजूक पट्ट्या. वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा थोड्या बुटक्या. दुसऱ्या दिवशी टेप लावला. दाराच्या मध्यापासून डावीकडचा कोपरा १९ फूट २ इंच आणि उजवीकडचाही १९ फूट २ इंच. इतक्या वर्षांत असं नेमकं जुळलेलं जुनं घर मी मोजलं नव्हतं.

मग मागच्या परसात गेलो, तर तिथे निराळंच घर. जाड लाकडी खांब, आडव्या तुळया, मधल्या चौकोनांत विटा आणि चकमकीचे दगड. छपराचा उतार जवळजवळ आपल्या देवळाच्या छपरासारखा खडा. खिडक्या एकाच्या मापाची दुसरी नाही. आतही तसंच. जिन्यावरून पुढच्या खोलीत जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात आणि तिथल्या खिडकीची तळपट्टी जमिनीपासून जेमतेम फूटभर. घरविक्रीच्या कागदावर 'जॉर्जियन, साधारण १७८०' असं लिहिलंय. मग हे मागचं काय?

दुसरं. वरच्या मजल्यावरची डावीकडून दुसरी खिडकी खोटी आहे. कमान आहे, खाली दगडी पट्टी आहे, खळगा आहे, पण काचेच्या जागी विटा. शेजारी सांगतात, पूर्वी खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला बुजवली.

तिसरं खरं काळजीचं. दाराच्या डावीकडच्या बैठकीच्या खोलीत दर्शनी भिंतीला आतून अडीच फुटांपर्यंत ओल चढलीय. रंगाचे पोपडे निघतात. एका ठेकेदाराने उपाय सांगितलाय तो असा: बाहेरून विटांच्या दरजा सिमेंटने भरायच्या, आतला गिलावा चार फुटांपर्यंत काढून सिमेंटचा करायचा, भिंतीला रांगेत भोकं पाडून रसायन सोडायचं. त्यातच जुन्या खिडक्या काढून प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवायच्या. जावई थंडीच्या आत काम उरकायला बघतो.

मला झोप नाही याचं कारण आमचं घर. चौसोपी, मध्ये राजांगण, चिऱ्याच्या दोन हातांच्या भिंती, त्यांवर माती-चुन्याचा गिलावा. १९९६ साली चवथीच्या आधी मीच तो सगळा खरवडून काढला आणि आतून-बाहेरून सिमेंट मारलं. नकाशे मीच काढत होतो, मला वाटलं मला कळतं. दोन चवथी छान गेल्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर देवघराच्या भिंतीला लोणा लागला, म्हणजे भिंतीतून मीठ फुटू लागलं. पुढे सिमेंटचा थर हाताने वाजवला की पोकळ आवाज यायचा, आणि एक तुकडा पडला तेव्हा आतला चिरा ओल्या गुळासारखा हाताला लागला. माझ्या वडिलांच्या वेळी ती भिंत कोरडी ठणठणीत होती. आता मुलीच्या घरालाही तेच होणार का?

मेस्त पेडणे

आजोबा, औषधाआधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर आहे का? पन्हळ कुठे गळते का? जोराच्या पावसात कोणीतरी छत्री घेऊन बाहेर उभं राहून भिंत बघायला हवी. मी ओलीच्या कामाला गेलो की आधी हेच करतो. दहातल्या सात घरांत भिंतीचा दोष नसतोच.

चुना आणि चिरा (पणजी)

आजोबा, तुम्ही मापं दिलीत म्हणून उत्तर देता येतंय. मी यॉर्कला इमारतींच्या जतनाचा अभ्यास केला आणि त्या वर्षात अशी बरीच घरं आतून पाहिली. आता गोव्यात जुन्या घरांचंच काम करते.

तुमच्या मुलीचं घर १७८० चं नाही. १७८० चा आहे तो त्याचा चेहरा. जॉर्ज नावाचे चार राजे १७१४ ते १८३० या काळात एकामागून एक गादीवर बसले, म्हणून त्या काळाला जॉर्जियन म्हणतात. तेव्हा इटलीतला जुना वास्तुकार पॅलाडिओ याच्या धर्तीची प्रमाणबद्ध घरं आधी सरदार-जहागीरदारांनी बांधली. मग त्या घरांच्या आकृत्यांची पुस्तकं छापून निघाली आणि खेड्यातला गवंडी नि सुतारही त्यांवरून दार, कमान, कठडा काढायला शिकला. पण खेड्यातला डॉक्टर किंवा चांगला शेतकरी सगळं घर पाडून नवं कुठून बांधणार? आजोबा-पणजोबांचं लाकडी घर तसंच ठेवून त्याने रस्त्याकडे विटांची नवी भिंत उभी केली. दक्षिण इंग्लंडच्या गावांत अशी घरं रांगेने आहेत. ससेक्स आणि केंटमध्ये तर काहींनी खऱ्या विटाही लावल्या नाहीत. विटेसारखी दिसणारी कौलं लाकडी भिंतीवर खिळ्यांनी ठोकून वर दरजा भरल्या. ब्रायटन आणि लुइसमध्ये ती आजही बघायला मिळतात, आणि बोटाच्या पेराने वाजवल्याशिवाय कळत नाहीत.

तुमच्या पायऱ्यांचं आणि फूटभर उंचीवरच्या तळपट्टीचं कोडं इथेच सुटतं. बाहेरच्या खिडक्या बाहेरच्या प्रमाणाला धरून बसवल्या, आतली जमीन जुन्या घराची राहिली. मागचा खडा उतारही जुन्या घराचाच. अस्सल जॉर्जियन छप्पर बहुधा सपाटीकडे झुकलेलं असतं, आणि वेल्समधल्या पाटीच्या दगडाची पातळ कौलं मिळू लागल्यावर ते आणखी सपाट झालं. मुलीला माळ्यावर विजेरी घेऊन चढायला सांगा. जुन्या सांगाड्यावर सुतारांनी जोड ओळखायला रोमन आकडे कोरलेले सापडतील. खाली जमिनीवर जोडणी करून, आकडे घालून, सुटं करून मग उभं करत.

आता खोटी खिडकी. तो कर खरा होता, १६९६ ते १८५१. सुरुवातीला दहापेक्षा जास्त खिडक्या असल्या की वाढीव रक्कम. तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या हेही खरं. पण इंग्लंडमधल्या प्रत्येक आंधळ्या खिडकीला लोक हेच कारण चिकटवतात, ते बरोबर नाही. पुष्कळ खिडक्या पहिल्या दिवसापासून आंधळ्या आहेत, कारण बाहेरून पाच हव्या होत्या आणि आत पाचवीला जागा नव्हती. ओळखायचं कसं, तर खळग्यातल्या विटा आणि बाजूच्या विटा नीट बघा. त्या काळच्या दर्शनी भिंतीत प्रत्येक थरात एका विटेची लांब बाजू दिसते, पुढचीचं आखूड तोंड, पुन्हा लांब बाजू, अशी वीण असते. ती वीण खळग्यातल्या विटांत गुंतत गेली असेल तर खिडकी मुळातच आंधळी. सरळ उभी फट असेल आणि विटांचा रंग वेगळा असेल तर नंतर बुजवलेली. आणि आतून त्या जागी काय आहे तेही बघा. माझा अंदाज, जुन्या सांगाड्याचा मुख्य खांब असेल.

ओलीचं मेस्तांनी सांगितलंच. ती भिंत पोकळी नसलेली, भरीव आहे. तिच्यात पाणी येणारच. ते बाहेर जायची वाट म्हणजे विटांमधला चुना. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून वाफ दरजांतून निघून जाते आणि झीज झाली तर दरजेची होते, विटेची नाही. दरजा सिमेंटने बंद केल्या की पाणी विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात विटेतच गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड सालीसारखं सुटतं. दरज पुन्हा भरता येते. २०० वर्षांची वीट परत आणता येत नाही. तुमच्या देवघरात बर्फ नव्हता, तिथे मिठाने तेच काम केलं.

म्हणून आधी भिंतीलगतची माती खाली घ्या, पन्हळी साफ करा, आणि एक हिवाळा जाऊ द्या. भिंत सावकाश सुकते, तोवर आतून काहीच लावू नका. मग जिथे दरजा खरोखर गळून पडल्या आहेत तेवढ्याच हाताने, पटाशीने उकराव्या, यंत्राच्या पात्याने नको, पातं विटेच्या कडा खातं. चुना-वाळूने भरून ओल्या गोणपाटाने झाकाव्या. हे काम वसंत ते शरद या काळातच. चुना घट्ट व्हायच्या आत दंव पडलं तर सगळं भुसभुशीत होतं. थंडीच्या आत उरकायची जावईबापूंची घाई इथे उलटी पडेल.

आणि महत्त्वाचं. हे घर संरक्षित यादीत आहे का? 'हिस्टॉरिक इंग्लंड' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय यादी फुकट बघता येते. १७०० ते १८५० मधली, मूळ रूप टिकून असलेली बहुतेक घरं त्यात आहेत, बहुतांश दुसऱ्या श्रेणीत. यादीत असेल तर घराचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला, आतल्यासुद्धा, कौन्सिलची वेगळी परवानगी लागते. ती न घेता खिडक्या काढणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. ठेकेदाराने हे सांगितलं का?

सल्ल्यासाठी 'सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज' ही संस्था आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केली. जुने गिलावे खरवडून काढण्याच्या लाटेविरुद्ध ती उभी राहिली, म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' असंही म्हणत. फोनवर फुकट तांत्रिक सल्ला देतात. मुलीने आधी तिथे फोन करावा.

वास्को ते रीडिंग

थोडं वेगळं मत मांडतो. मी अशाच जुन्या घरात चार हिवाळे भाड्याने काढले. सौंदर्य रस्त्यावरच्या माणसाला दिसतं, थंडी आतल्याला लागते. रात्री पडदे हलायचे इतका वारा खिडक्यांतून यायचा, आणि पगाराचा मोठा भाग गॅसच्या बिलात जायचा. जावयाला दोष देऊ नका. लहान मूल असेल तर मीही दुहेरी काचच बसवली असती.

सफोकची सून (मूळची मडगावची)

वास्कोकर दादांचं थंडीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण खिडकी न काढता ती थांबवता येते, आम्ही थांबवलीय.

आमचं घरही खेड्यातलं, १८२० च्या सुमाराचं. या खिडक्या वर-खाली सरकतात. दोन्ही बाजूंच्या लाकडी खोक्यांत लोखंडी वजनं लटकतात, दोरी पितळी कप्पीवरून जाते, आणि वजन झडपेच्या भाराइतकंच असल्याने एका बोटाने खिडकी वर जाते आणि सोडाल तिथे थांबते. आमच्याकडे दोऱ्या तुटलेल्या आणि रंगाच्या सात-आठ थरांनी झडपा चौकटीला चिकटलेल्या. जुन्या खिडक्यांचं काम करणाऱ्या सुताराने दोन दिवसांत चार खिडक्या उघडल्या, नव्या सुती दोऱ्या घातल्या आणि कडेच्या खाचेत ब्रशसारखी बारीक पट्टी बसवली. वारा थांबला. आतल्या अंगाला दुसरी काच लावली, ती उन्हाळ्यात काढून ठेवता येते. लाकूड बाल्टिककडच्या सावकाश वाढलेल्या पाइनचं, इतकं दाट की सुताराने पोखरलेली तळपट्टी तेवढी बदलली आणि म्हणाला, बाकीचं माझ्या नातवाला पुरेल.

आजोबा, खिडकीच्या दोन्ही अंगांच्या भिंतीत लाकडी फळ्यांचे कप्पे आहेत का ते बघा. रंगाखाली बिजागऱ्या सापडल्या तर त्या आतून लावायच्या घडीच्या झडपा आहेत. आमच्या सापडल्या तेव्हा त्या शंभर वर्षं तरी कोणी उघडल्या नसाव्यात. रात्री लावल्या की खोलीत ऊब राहते.

आणि वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना शिंगासारखं लाकूड पुढे आलंय का? आलं असेल तर त्या झडपा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. मोठी जड काच आल्यावर जोड बळकट करायला ती शिंगं आली. जॉर्जियन झडपेला शिंगं नसतात.

काचेबद्दल एक सांगावंसं वाटतं. तावदानं लहान का, तर तेव्हा काचेचा गोळा फुंकून, सळईवर गरगर फिरवून त्याची ताटासारखी चकती करत आणि तिच्यातून चौकोन कापत. चकतीबाहेर चौकोन जाणार कसा? म्हणून वरच्या झडपेत सहा आणि खालच्या झडपेत सहा तावदानं. माझ्या आजोळी लोटलीला काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या होत्या. त्यांचे चौकोन शिंपल्याएवढे. इथल्या खिडकीत सकाळी समोरचं झाड पाण्यात हललेलं दिसतं, तेव्हा मला आजीची माडी आठवते. ती काच एकदा कचऱ्यात गेली की गेली.

बांदोड्याचे आजोबा

तुम्हा सगळ्यांचं उत्तर मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि रविवारी मुलीला व्हिडिओवर वाचून दाखवलं. जावईही बसला होता. आता काय काय सापडलं ते सांगतो.

घर दुसऱ्या श्रेणीत यादीत आहे. खरेदीच्या कागदांत ते होतं, दोघांनी गंभीरपणे वाचलं नव्हतं. ठेकेदार त्याबद्दल काही बोलला नव्हता. खिडक्यांचं काम तिथेच थांबलं.

माळ्यावर जावई स्वतः चढला. आकडे आहेत! चार तुळयांवर, एक, दोन, तीन, आणि चारासाठी चार उभ्या रेघा. त्याने पाठवलेल्या फोटोत रेघेच्या कडेला छिन्नीची ठेच दिसते. जो मुलगा महिन्यापूर्वी मला 'बाबा, हे जुनं लाकूड आहे फक्त' म्हणत होता, त्याने मला अकरा फोटो पाठवले.

खोट्या खिडकीच्या मागे खांबच निघाला, ११ इंच रुंद, वरून तिरका आधार घेतलेला. कपाटामागे लपला होता. बाहेरच्या विटांची वीणही आत गुंतत गेलीय, मुलीने शिडी लावून फोटो काढला. म्हणजे ती खिडकी कधी उघडलीच नव्हती. दर्शनी भिंत बांधणाऱ्याला पाच हव्या होत्या, खांब हलवता येत नव्हता, म्हणून त्याने विटांची खिडकी केली. शेजाऱ्यांना मुलीने हे सांगितलं, ते चहाला येऊन खांब बघून गेले.

ओल. मेस्त, तुमचा हात धरतो. फुलझाडांच्या पट्टीतली माती आतल्या जमिनीपेक्षा ९ इंच वर होती. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं खत टाकत ती चढवली असावी. ती उकरताना भिंतीत लोखंडी जाळीची दोन लहान झरोकी निघाली, लाकडी जमिनीखाली हवा जाण्यासाठीची, पूर्ण मातीने बुजलेली. पाऊस पडला तेव्हा मुलगी छत्री घेऊन उभी राहिली. पन्हळीचा एक सांधा नेमका त्याच भिंतीवर गळत होता. झडपांना शिंगं नाहीत, सफोकच्या ताई. आणि कप्पे आहेत, पण ते उघडायला सुतार येईपर्यंत हात लावू नका म्हणून मी सांगितलंय.

मला मात्र गेले आठ दिवस आमचंच घर वेगळं दिसतंय. आमच्या दर्शनी भागाला कमानीच्या सहा खिडक्या, वर रंगीत काचा. त्यातून आत आलं की पडवी एक वीतभर खाली आणि मग राजांगण. तो दर्शनी भाग पणजोबांनी लावला हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कधी विचार केला नव्हता की मागचं घर त्याहून जुनं आहे आणि एक वीत खाली उतरावं लागतं ते त्यामुळेच. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला. तेव्हा इंग्लंडात तिसरा जॉर्ज गादीवर होता. आतली चौकट त्याआधीची असेल का, हे मला आता बघायचंय. टेप काढलाय.

आता माझा प्रश्न. देवघराच्या भिंतीवरचं सिमेंट काढायचं ठरवलंय. शिंपल्यांचा चुना मळताना माझे वडील गुळाचं पाणी घालत, एवढं आठवतं, प्रमाण आठवत नाही. पणजीच्या ताई, आता काढलं तर चिरा जगेल का?

चुना आणि चिरा

जगेल. फक्त एकदम सगळं काढू नका. खालची तीन फूट पट्टी काढा, आणि ठोकून नाही, जिथे पोकळ वाजतं तिथून पटाशी घालून उचला. जो चिरा भुसभुशीत झालाय तो बदला, बाकीचा तसाच उघडा ठेवा. लोणा वर आला की कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतलं तर मीठ पुन्हा आत जातं. निदान पुढच्या मार्चपर्यंत उघडी राहू दे. गुळाचं प्रमाण प्रत्येक घराण्याच्या मेस्ताचं वेगळं असायचं, म्हणून आधी भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर जागेवर करून बघू. मी फोंड्याला आले की येते, चुन्याचे दोन नमुने घेऊन.

मेस्त पेडणे

मीही येतो. पण आजोबा, मी यायच्या आधी देवघराच्या मागच्या पावळ्यांचं पाणी कुठे पडतं ते बघून ठेवा.

बांदोड्याचे आजोबा

बघितलं. भिंतीच्या पायथ्यालाच पडतं. २००४ मध्ये न्हाणीघराचं छप्पर वाढवलं तेव्हापासून. या, दोघेही या. जेवायलाच या.